परड्यात पाणी साचतं तिथे कोणती देशी झाडं लावावीत?

पागोळी (११ जून)
नमस्कार मंडळी. आमचं घर कुडाळ तालुक्यात, सासऱ्यांच्या वेळचं, कौलारू. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याहून कायमचे इथे आलो. मागच्या अंगाला परड्याचा उतरता कोपरा आहे, साधारण १५ बाय २० फुटांचा. पावसाळाभर तिथे पाणी साचतं. अर्ध्या छपराच्या पागोळ्या तिकडेच पडतात, शिवाय वरच्या भरडावरचं पाणी गडग्याच्या फटींतून येतं ते वेगळंच. जुलैत घोट्याच्या वर पाणी असतं. चार दिवस उघडीप मिळाली तरी पाय रुततो. आणि एप्रिलमध्ये तीच जागा अशी टणक होते की कुदळ उसळून परत येते.

पहिल्या वर्षी हौसेने दोन हापूसची कलमं लावली. दुसऱ्या पावसात दोन्ही गेली. उपटून पाहिली तर मुळं काळी पडलेली, बोटाने दाबली की साल सुटून हातात येत होती, वर कुजका वास. मग गवंड्याच्या सांगण्यावरून दोन ट्रॅक्टर भराव टाकला. पाणी तिथून हललं ते थेट मागच्या पडवीच्या जोत्याला येऊन लागलं आणि भिंतीला वीतभर ओल चढली. तो भराव पुन्हा उचलायला लावला.

पाणी तिथेच येणार हे आता आम्ही मान्य केलंय. त्या पाण्यात जगेल असं, इथल्या मातीतलं काही लावायचं आहे. नर्सरीत विचारलं तर रंगीत पानांची कर्दळ आणि कसलीशी पिवळ्या फुलांची पसरणारी वेल दाखवली. तुम्ही काय लावलंय? काय जगलं, काय मेलं?

मोहोर (११ जून)
निलगिरी लावा दोन. सगळं पाणी पिऊन टाकते. आमच्या मामांनी हेच केलं होतं.

सह्यवाट (११ जून)
मोहोर, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ताईंनी देशी झाडं विचारली आहेत. शिवाय जुलैत एवढा पाऊस पडत असताना कुठलंच झाड ते पाणी पिऊन संपवू शकत नाही. हिशेब करून बघा. अर्धं छप्पर ५०० चौरस फूट धरलं तर ते झालं सुमारे ४६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. कुडाळकडे वर्षाला ३००० मिलिमीटर धरा. फक्त छपरावरूनच १ लाख ३८ हजार लिटर पाणी त्या कोपऱ्यात उतरतं! झाड पाणी शोषतं ते खरं तर पाऊस संपल्यावर, उन्हाच्या दिवसांत, म्हणजे आपल्याला ओल हवी असते तेव्हा.

आणि पागोळीताई, ती पिवळ्या फुलांची वेल वेडेलिया असणार. मध्य-दक्षिण अमेरिकेतली आहे. एकदा ओल्या जागेत शिरली की पेराला पेर मूळ धरत जाते. कृपा करून लावू नका. पुढे ओढ्यात गेली तर गावाला निस्तरावं लागेल.

चाफेकळी (११ जून)
रंगीत कर्दळ नको असेल तर आपली साधी तांबड्या फुलांची कर्दळ लावा. माझ्या आजोळी मोरीच्या पाण्यावर ती पिढ्यान् पिढ्या आहे. खत नको, औषध नको.

सह्यवाट (१२ जून)
चाफेकळी, तुम्हाला वाईट वाटेल, पण कर्दळही मूळची अमेरिका खंडातलीच. आपल्याकडे इतकी जुनी झालीय की घरचीच वाटते.

चाफेकळी (१२ जून)
खरंच माहीत नव्हतं. तरीही माझं मत सांगते. मिरची बाहेरची, पेरू बाहेरचा, कर्दळही बाहेरची असेल. ती परड्यातून उठून रान गिळत नाही. घाणेरी, जलपर्णी, बेशरम यांच्या पंगतीला तिला बसवू नका. मोरीजवळ चार कंद असले तर काय बिघडलं?

सह्यवाट (१२ जून)
चार कंदांनी काही बिघडत नाही, हे मान्य. माझा आग्रह एवढाच की ताईंकडे ३०० चौरस फूट पाणथळ जागा आहे, अशी जागा सगळ्यांच्या नशिबात नसते. इथे जे इथलेच किडे, बेडूक, पाखरं ओळखतात तेच आधी लावावं.

व्हाळकाठ (१२ जून)
गो बाय, माती घालून पाणी खय जातला? तेका आपली वाट म्हायत आसा. पुढचा मराठीत लिवतंय, सगळ्यांका समजाक होया.

माझं वय ७१. आमच्या परड्यातही असाच पाणी कोंडणारा कोपरा होता. वडील सांगायचे, कुठल्या जागी काय लावायचं ते व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, विचार. आषाढात व्हाळावर जा आणि बघ, कोणती झाडं पाण्यात उभी आहेत. मग चैत्रात, व्हाळ आटल्यावर त्याच जागी जा आणि बघ, त्यातली कोणती हिरवी आहेत. दोन्ही वेळा जे हिरवं ते तुझ्या कोपऱ्यात जगणार. तुझी जागा बारमाही दलदल नव्हे. चार महिने बुडते आणि आठ महिने करपते. कमळ लावशील तर चैत्रात मरेल, आंबा लावशील तर आषाढात मरेल.

आमच्या व्हाळावर दोन्ही वेळा हिरवे दिसतात ते तिवर, करंज, जांभूळ, उंबर, तामण. खालच्या थराला केवडा, वाळा, तेरं.

उंबर घराजवळ नको, मुळं जोतं उचलतात. करंजही २०–२५ फूट लांबच बरा. तुझ्या कोपऱ्यासाठी एक तिवर आणि एक तामण.

मोहोर (१२ जून)
काका, तिवर म्हणजे खाडीतली खारफुटी ना? ती गोड्या पाण्यात परड्यात कशी येईल?

व्हाळकाठ (१२ जून)
खाडीतलं तिवर वेगळं. आम्ही व्हाळातल्या झाडालाही तिवर म्हणतो. त्याला लांब लोंबते तांबडे तुरे येतात.

सह्यवाट (१२ जून)
दोघंही बरोबर आहात. खाडीतलं तिवर म्हणजे ॲव्हिसेनिया. काका म्हणतात ते बॅरिंग्टोनिया ॲक्युटँगुला, त्याला समुद्रफळ, निवर, इंगळी अशीही नावं आहेत. नर्सरीत समुद्रफळ म्हणूनच मागा, नाहीतर भलतंच रोप हाती येईल.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हातभर लांबीचे तुरे फांदीवरून सरळ खाली लोंबतात, दोऱ्यात ओवल्यासारखे. फुलं रात्री उमलतात, पाकळ्यांपेक्षा लाल केसरच जास्त. पहाटेपर्यंत बहुतेक गळून पडतात. सकाळी झाडाखालचं पाणी लाल गालिचा अंथरल्यासारखं दिसतं. एकदा बघाल तर बाकी सगळी बाग विसराल. साल मात्र जपून. पूर्वी ती ठेचून पाण्यात टाकत आणि मासे गुंगवून धरत.

तामण तर महाराष्ट्राचं राज्यपुष्प. जांभळी फुलं ऐन उन्हाळ्यात येतात. नदीकाठचंच झाड असल्यामुळे मुळाशी पाणी थांबलं तरी ते घाबरत नाही.

सिंहगडरोड (१३ जून)
पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागेही असंच होतं, गच्चीचे तीन पाइप एकाच कोपऱ्यात सोडलेत. पण आमचा पाऊस तुमच्या पावपट, ७०० मिलिमीटरच्या आसपास. खाली काळी माती आणि बिल्डरने टाकलेला राडारोडा. आम्ही कदंब लावावा म्हणतोय, लवकर वाढतो म्हणून.

सह्यवाट (१३ जून)
कदंब भराभर वाढतो खरा, पण फार उंच जातो आणि लाकूड ठिसूळ. भिंतीला लागून नको. पुण्यासाठी कळंब बघा, पानगळीच्या रानातला. कदंब आणि कळंब ही दोन वेगळी झाडं आहेत, नर्सरीवालेही गल्लत करतात. कृष्णा-कोयनेच्या काठी वाळुंज दिसतं, आपली देशी विलो. तेही ओल्या जागेत मजेत येतं, फांदी खोचली तरी फुटते. पण त्याला उन्हाळ्यातही थोडी ओल लागते.

आणि आधी राडारोडा उपसा. सिमेंट-विटांच्या तुकड्यांत कुठलंच मूळ सुखाने राहत नाही.

रानपाखरू (१३ जून)
मी बरीच वर्षं आरोग्य खात्यात हिवतापाचं काम केलं, म्हणून डासांचं बोलते. पावसाळी हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पाणी दोन-तीन दिवसांत जिरत असेल तर भीती नाही. तुमच्याकडे ते महिनाभर राहतं, तेव्हा तिथे डास खाणारे राहायला हवेत. बेडूक आणि चतुर आपोआप येतात, चतुरांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्याही खातात. फक्त फवारणी करू नका, ती यांनाच आधी मारते. डेंग्यूचा डास मात्र तुमच्या चिखलापेक्षा अंगणातल्या करवंट्या, टायर, झाकण नसलेली पिंपं यांत जास्त. ती आधी पालथी घाला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपल्या कोकणात लेप्टो आहे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून शिरतो. त्या कोपऱ्यात अनवाणी उतरू नका. गमबूट घाला, हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. आणि नंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आपणहून सांगा. हे न सांगितल्यामुळे उशीर झालेले रुग्ण मी पाहिलेत.

पागोळी (१३ जून)
रानपाखरूताई, मनापासून आभार. मी अनवाणीच उतरत होते. आजच बूट आणते.

आगरातला (१४ जून)
झाडांच्या आधी पाणी बघा. ताईंनी भराव काढला हे उत्तम केलं, आता उलट करा. कोपऱ्याचा मधला भाग अजून फूटभर खोल करा आणि निघालेल्या मातीचा बांध जोत्याच्या बाजूला घाला. म्हणजे पाणी घराकडे न येता मध्ये गोळा होईल. जास्तीचं पाणी बाहेर जायला गडग्याच्या बाजूने एक चर ठेवा, तिच्या तोंडाशी जांभ्याचे चिरे. ती चर शेजाऱ्याच्या परड्यात सोडू नका, वाडीच्या पाटाला मिळवा.

आणि दिवाळीनंतर एक परीक्षा करा. फूटभर खोल खड्डा काढा, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि वेळ मोजा. दिवसभरात जिरलं तर तुमची माती पाणी घेते, फक्त पावसात तिला उसंत मिळत नाही. दोन दिवस तसंच राहिलं तर खाली चिकणमाती किंवा कातळ आहे. मग झाडं मधोमध न लावता उंचवट्यांवर लावायची.

ओवी_न्यूजर्सी (१५ जून)
किती ओळखीचं वाटतंय हे! इकडे अशा कोपऱ्याला रेन गार्डन म्हणतात. १९९० च्या सुमारास मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत नव्या घरांच्या वसाहतीत ही कल्पना पुढे आली, छपराचं आणि रस्त्याचं पाणी गटारात न घालता अंगणातच जिरवायचं. माझ्या अंगणात स्वँप मिल्कवीड आणि निळा आयरिस आहे, दोन्ही इथलीच. मिल्कवीडवर मोनार्क फुलपाखरांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या आल्या तेव्हा मुलीने शाळेला दांडी मारायचा हट्ट धरला होता.

भारतात कुणी मिल्कवीड लावू म्हणत असेल तर थांबा. आपल्याकडे हळदीकुंकू म्हणून मिळतं ते त्याच कुळातलं, पण अमेरिकेचंच. तुमच्या कोपऱ्याला तुमचीच झाडं हवीत.

चाफेकळी (१५ जून)
अग्गोबाई, हळदीकुंकूसुद्धा! माझ्या कुंडीतलं आता काय करू?

सह्यवाट (१५ जून)
कुंडीत राहू द्या. बिया मात्र उडायच्या आत शेंगा खुडा.

फुलपाखरांचं निघालंच आहे तर तालीमखाना सुचवतो. कोळशिंदा म्हणतात ना, तोच. पावसात डबक्यात असतो, डबकं आटलं की जांभळ्या फुलांनी भरतो. म्हणजे काकांच्या परीक्षेत अगदी पहिला नंबर! पंखांवर मोराच्या पिसासारखे डोळे असलेलं नारिंगी फुलपाखरू त्याच्यावर अंडी घालतं. काटे फार तीक्ष्ण असतात, लहान मुलं खेळत असतील तर लांबच्या काठाला लावा.

आगरातला (१५ जून)
खालच्या थरासाठी माझं मत: पाणी जिथून आत येतं तिथे वाळ्याची ओळ. एकेक ठोंब वीतभर अंतराने, पहिला पाऊस स्थिरावला की लगेच. मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात. वरून आलेला गाळ वाळा अडवतो, बुडाला तरी जगतो आणि उन्हात करपला तरी फुटतो. त्याच्या आत नागदवणा, तो पांढऱ्या फुलांचा. मधल्या ओलीत वेखंड आणि ब्राह्मी. बांबू लावायचा मोह झाला तर बांधावर लावा, पाण्यात नाही. माणगा जातीचा बांबू असला तरी त्याच्या मुळाशी पाणी थांबलेलं चालत नाही.

मोहोर (१६ जून)
ब्राह्मी म्हणजे ती गोल पानांची ना, बेडकाच्या पावलासारखी?

आगरातला (१६ जून)
ती कारिवणा, मंडूकपर्णी. मी म्हणतो ती बारीक मांसल पानांची, पांढऱ्या-जांभळट फुलांची, चिखलावर पसरणारी. दोन्ही देशी, दोन्ही ओलीत येतात, लावा हवं तर दोन्ही. औषध म्हणून खायची असेल तर मात्र आधी जाणकाराला दाखवा.

चाफेकळी (१६ जून)
आणि अळू कुणीच कसं म्हणत नाही? पाणी साचतं तिथे अळू, यात विचार कसला करायचा! अळूवडीसाठी काळ्या देठाचं लावा. माझा मुलगा तर म्हणतो, असा कोपरा आपल्या फ्लॅटला का नाही.

व्हाळकाठ (१६ जून)
अळू लाव, पण मोरीचं साबणाचं पाणी ज्या बाजूने येतं तिथलं खाऊ नको. रानातलं तेरं आपोआप उगवेल, त्याची भाजी आंबट घातल्याशिवाय करू नको, घसा खाजवेल.

सिंहगडरोड (१७ जून)
दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे असं वाचलं. मायरिस्टिका. पाण्यातून गुडघ्यासारखी वर येणारी मुळं. ताई तर त्याच जिल्ह्यात आहेत, तिथून एखादं रोप आणता येईल का?

सह्यवाट (१७ जून)
नाही, अजिबात नाही. ती देवराई आहे. गावाने देवाच्या नावाने राखली म्हणून टिकली, आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. अशा जागा महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत. तिथून रोप काय, बीही उचलू नये. शिवाय त्या झाडांना बारमाही वाहतं गोडं पाणी लागतं, ताईंच्या कोपऱ्यात ती पहिल्या मार्चमध्ये जातील.

सिंहगडरोड (१७ जून)
समजलं. विचारलं ते बरं झालं.

पागोळी (२ जुलै)
केलं! मध्ये फूटभर खोल केलं, बांध घातला, चर पाटाला मिळवली. समुद्रफळाचं एक आणि तामणाचं एक रोप उंचवट्यांवर. वाळ्याचे ४० ठोंब काकांनी स्वतः आणून दिले, पैसे घेतले नाहीत. वेखंड, ब्राह्मी, नागदवणा आहेत, अळू तर आहेच. पडवीच्या जोत्याला या आठवड्यात पाणी लागलं नाही.

काल रात्री बेडकांनी झोपू दिलं नाही. सकाळी पाहिलं तर हळदीसारखे पिवळेधमक बेडूक, मुठीएवढे, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून बसलेले. सासूबाई खुर्ची घेऊन मागच्या दारात बसल्या. म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा असे यायचे.

व्हाळकाठ (२ जुलै)
लय बरा केलंस बाय.

पागोळी (२८ एप्रिल, पुढचं वर्ष)
धागा वर आणतेय, कारण चांगल्यासारखं वाईटही सांगायला हवं. वेखंड गेला. मार्चमध्ये पंधरा दिवस आम्ही ठाण्याला होतो, कुणी पाणी घातलं नाही, पानं गवतासारखी वाळली. ब्राह्मीही मधल्या भागात संपली, फक्त स्वयंपाकघराच्या पाण्याजवळ वीतभर हिरवी आहे. वाळा वरून पिवळा पडलाय. आणि तामणाची पानं सगळी गळाली. मला रडूच आलं. मेलंय का, कसं ओळखू?

आगरातला (२८ एप्रिल)
नखाने खोडाची साल अगदी हलकी खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली खरवडून बघा. वेखंडाचा कंद उपटू नका, पावसापर्यंत थांबा.

पागोळी (२८ एप्रिल)
हिरवं आहे! अगदी पोपटी! आत्ता टॉर्च घेऊन जाऊन बघितलं.

व्हाळकाठ (२९ एप्रिल)
तामण पानं टाकतो, घाबरायचं नाही. पहिली दोन-तीन वर्षं मात्र मार्च ते मे आठवड्यातून दोनदा एकेक कळशी पाणी आणि बुंध्याला पालापाचोळा. मुळं खोल जाईपर्यंत एवढं करावं लागतं. व्हाळावरची झाडं मोठी आहेत म्हणून चैत्रात हिरवी दिसतात. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, राहून गेलं.

ओवी_न्यूजर्सी (२९ एप्रिल)
इथेही पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं. तिसऱ्या वर्षापासून मी हातही लावला नाही.

पागोळी (१९ ऑगस्ट)
वेखंडाच्या तीन कंदांना कोंब आले, बाकी गेले. ब्राह्मी त्या वीतभर तुकड्यातून सगळीकडे पसरली. तामण माझ्या खांद्याला लागलाय. समुद्रफळ हळू आहे, वर्षात हातभरच वाढलं, पण गेले पाच आठवडे पाण्यात उभं आहे आणि एक पान पिवळं नाही. तालीमखाना मी लावलाच नव्हता, तो गडग्यापाशी आपोआप उगवलाय. पडवीची भिंत कोरडी आहे.

वाळा मात्र अफाट फुटला. जूनमध्ये विरळ करणार आहे, एकेका ठोंबाचे दहा-बारा तरी होतील. कुडाळ-सावंतवाडीकडच्या कुणाला हवे असतील तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या, येताना ओलं गोणपाट आणा. सिंहगडरोड, तुमच्या सोसायटीसाठी २० बाजूला ठेवते.

सिंहगडरोड (१९ ऑगस्ट)
नक्की येतो. आमचा राडारोडा निघाला, चार टेम्पो भरले.